‘पित्तच असेल’ म्हणण्याआधी... साध्या वाटणाऱ्या तक्रारीमागचा जीवघेणा आजार कसा ओळखाल?

जुलैतली पहाट. शेतातल्या वस्तीवर, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला विशीतला मुलगा पोट धरून उठतो. दोन उलट्या होतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘रात्रीचं काहीतरी बाधलं असेल.’ ओवा दिला जातो, पित्ताची गोळी दिली जाते आणि उजाडेपर्यंत वाट बघायचं ठरतं. तासाभरात त्याच्या पापण्या जड होतात. बोलणं अडखळतं. पाणी गिळता येत नाही. आई म्हणते, ‘रात्रभर झोप नाही, म्हणून पेंगतोय.’

अंगावर जखम नाही, सूज नाही. सापाचा विचारही कुणाच्या डोक्यात येत नाही. पण ही सगळी लक्षणं मण्यारच्या दंशाची आहेत आणि पुढच्या काही वेळात या मुलाचा श्वास थांबू शकतो.

हा प्रसंग कुण्या एका घरातला नाही. मण्यारच्या दंशाची डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नोंदवलेली लक्षणं एका रात्रीत मांडली, तर ती अशी दिसतात. छातीत जळजळ, पोटदुखी, चक्कर, डोकेदुखी या तक्रारी प्रत्येक घरात असतात आणि बहुतेक वेळा त्या खरंच किरकोळ असतात. प्रश्न उरलेल्या थोड्या वेळांचा आहे. त्या वेळी दुखणं अंगावर काढलं, तर जीव जातो. मग हा फरक ओळखायचा कसा?

इमर्जन्सीतले डॉक्टर वेगळा विचार का करतात?

घरात आपण आधी सर्वांत शक्य असलेलं कारण धरतो. काल वडापाव खाल्ला, आज जळजळतंय, म्हणजे पित्त. हा तर्क चुकीचा नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा तो बरोबरच ठरतो.

आपत्कालीन विभागातले डॉक्टर मात्र उलट्या बाजूने सुरुवात करतात. ‘हे बहुधा काय असेल?’ हा प्रश्न ते नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘यात जीव घेणारं काय असू शकतं, आणि ते नाही याची मी खात्री केली आहे का?’ छातीत दुखतंय म्हटल्यावर आधी हार्ट अटॅक नाही ना, हे बघायचं. तो नसेल, तर मग पित्ताकडे वळायचं.

यामागचा हिशेब सरळ आहे. पित्त असताना ईसीजी काढला, तर थोडे पैसे आणि अर्धा तास जातो. हार्ट अटॅक असताना पित्ताची गोळी घेऊन झोपलो, तर माणूस जातो. घरातला एमसीबी विनाकारण पडला की आपण वैतागतो, पण पडायच्या वेळी तो पडला नाही तर घर पेटतं. दोन्ही चुकाच आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही.

छातीत जळजळ: पित्त की हार्ट अटॅक?

सिनेमातला हार्ट अटॅक छातीवर हात दाबून कोसळतो. प्रत्यक्षात तो अनेकदा इतका ठळक नसतो. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटणं, जबड्यात किंवा दातांत कळ, खांद्यातून हातात उतरणारं दुखणं, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, नुसतं गळून गेल्यासारखं होणं, यांपैकी काहीही असू शकतं.

मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि महिलांना छातीत दुखल्याशिवायही अटॅक येऊ शकतो. जुन्या मधुमेहात नसांची संवेदना कमी होते, म्हणून वेदना नीट जाणवत नाही. अशा वेळी फक्त धाप, मळमळ किंवा दरदरून घाम एवढंच दिसतं.

हे दिसलं तर पित्त म्हणून थांबू नका:

• जळजळीबरोबर घाम, धाप, अंग गार पडणं किंवा चक्कर
• दुखणं जबडा, मान, पाठ, खांदा किंवा हाताकडे जाणं
• चालताना, जिना चढताना, पाण्याची मोटर सुरू करायला गेल्यावर दुखणं आणि बसलं की थांबणं
• मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-विडीची सवय किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असताना अशी तक्रार पहिल्यांदाच येणं

इथे दोन गैरसमज जीव घेतात. पहिला: ‘ॲसिडिटीचं औषध घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे पित्तच.’ हार्ट अटॅकच्या रुग्णालाही अशा औषधानंतर थोडा वेळ बरं वाटू शकतं. दुसरा: ‘ईसीजी नॉर्मल आला, विषय संपला.’ सुरुवातीच्या काळात ईसीजी आणि रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी, दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. म्हणून त्रास चालू असेल, तर डॉक्टर काही वेळाने त्या पुन्हा करतात. पहिला रिपोर्ट हातात घेऊन परस्पर घरी निघू नका.

रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असं जगभरातले वैद्यकीय निकष सांगतात. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते जितकं लवकर मिळेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. बारा तास उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

तोपर्यंत रुग्णाला बसवा, चालायला लावू नका, गाडी तर मुळीच चालवू देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घेतल्याने फायदा होतो, पण १०८ वरच्या किंवा ओळखीच्या डॉक्टरांना विचारूनच. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याची मागून देऊ नका. रक्तदाब आधीच कमी असेल, तर ती घात करते. ‘अटॅक आला तर जोरजोरात खोका’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला तर विसरूनच जा.

पोटदुखी-उलट्या: पोटाचं दुखणं नेहमी पोटातलंच असतं का?

नाही. आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते.

*मण्यार.* हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावतो. दात बारीक, वेदना जवळपास नाही, सूज नाही. कित्येकदा खूणही सापडत नाही. विष नसांवर काम करतं. आधी पोटदुखी, उलटी किंवा घशात दुखणं, मग पापण्या उतरणं, एकाच्या जागी दोन दिसणं, अडखळतं बोलणं, गिळता न येणं आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडणं. रुग्ण निपचित पडलेला दिसतो, पण अनेकदा त्याला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. वेळेत कृत्रिम श्वास आणि प्रतिविष मिळालं, तर असे रुग्ण चालत घरी जातात.

नियम एकच लक्षात ठेवा: पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपलेल्या धडधाकट माणसाला पहाटे अचानक पोटदुखी किंवा उलटी सुरू झाली आणि पापण्या उतरू लागल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो सर्पदंश समजा. डॉक्टरांना ‘उलट्या होताहेत’ एवढंच सांगू नका. ‘जमिनीवर झोपला होता’ हे आवर्जून सांगा. त्या तीन शब्दांनी उपचार बदलू शकतो.

भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत असतं. करकचून आवळणं, जखम कापणं, विष चोखणं, साप पकडत बसणं, यातलं काहीही करू नका. अंगठी, बांगड्या, कडं काढा. हात-पाय हलू देऊ नका आणि निघा. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

*फवारणी.* डाळिंब, कांदा, कपाशीवर फवारा मारून आलेल्या माणसाला उलट्या, जुलाब, पोटात मुरडा सुरू झाला, की ‘ऊन लागलं’ किंवा ‘गॅस्ट्रो झाला’ म्हटलं जातं. त्याबरोबर तोंडाला लाळ, भरपूर घाम, डोळ्यांतून पाणी, स्नायू फडफडणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या दिसल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. अंगावरचे कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन जा. लेबलवरच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

*पाळी चुकलेली असताना दुखणं.* गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढला आणि नळी फुटली, तर पोटात रक्त साचतं. बाहेर थोडंसंच रक्त दिसतं, कधी तेही नाही. खालच्या पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, घेरी, कधी खांद्याच्या टोकाला दुखणं, ही त्याची लक्षणं. बाई संकोचते, सासू ‘पाळीचंच आहे’ म्हणते आणि वेळ जातो. मूल होऊ शकेल अशा वयातल्या कोणत्याही महिलेच्या पोटदुखीत डॉक्टर गरोदरपणाची चाचणी करतात, ती याचसाठी. त्यात संशय घेण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही.

*किशोरवयीन मुलाची पोटदुखी.* अंडकोषाला पीळ बसला, तर मुलगा लाजून ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. अंडकोष वाचवायला साधारण सहा तास हातात असतात. म्हणून वडिलांनी किंवा मोठ्या भावाने हळूच विचारावं, ‘खाली दुखतंय का?’

*लहान मुलाच्या उलट्या.* आठवडाभर मूल सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वजन उतरलं असेल आणि आता उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला असेल, तर साखर तपासा. मुलांमधला मधुमेह कित्येकदा असाच पहिल्यांदा समोर येतो.

जास्त दुखतंय म्हणजे जास्त धोका?

असं आपल्याला वाटतं, पण ते नेहमी खरं नसतं. हे दाखवून देणारं मोठं काम महाराष्ट्रातच झालं आहे.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत होती. विंचूदंश म्हणजे वेदना आणि उपचार म्हणजे वेदना थांबवणं, अशीच तेव्हाची समजूत होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं, की दंशाच्या जागी असह्य वेदनेने ओरडणारा रुग्ण बऱ्याचदा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, तो काही तासांनी हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन गंभीर होतो.

धोक्याची ही पूर्वलक्षणं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण कमालीचं घटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्यासाठी यातला धडा असा: आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण जो गप्प झाला आहे, घामाने भिजला आहे, ज्याचे हातपाय गार आहेत, त्याच्याकडे आधी बघायला हवं. तक्रार कोणतीही असो, हे लागू होतं.

डोकेदुखी, चक्कर आणि ‘तोंड वाकडं झालं’

रोजची डोकेदुखी हळूहळू चढते. एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचणारी, ‘आयुष्यात असं कधी दुखलं नाही’ असं वाटायला लावणारी डोकेदुखी मेंदूतल्या रक्तस्रावाची असू शकते. तापाबरोबर मान आखडली असेल, पाचव्या महिन्यानंतरच्या गरोदर महिलेला डोकेदुखीबरोबर अंधुक दिसत असेल, किंवा वयस्कर माणूस पडल्यावर काही दिवसांनी डोकं दुखून सुस्त होत असेल, तर थांबू नका.

लकव्यासाठी चार गोष्टी तपासा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक वाक्य म्हणायला सांगा, अडखळतं का? तोल अचानक गेला का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर घड्याळ बघा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि हा वेळ रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला वाकड्या तोंडाने उठला, तर ‘दहाला ठीक होता’ असं सांगा.

सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. लकव्यावर औषध देणाऱ्या ठिकाणी आधी जाऊन येणं, बोटांना सुई टोचून रक्त काढणं, यात हाच वेळ वाया जातो. रुग्ण मधुमेही असेल, तर साखर लगेच तपासा. साखर खूप उतरली, तरी लकव्यासारखंच दिसतं. शुद्धीत नसलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

ताप उतरला, म्हणजे बरं वाटलं?

डेंग्यूत नेमकं उलटं होऊ शकतं. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा बेचैनी दिसली, तर प्लेटलेटचा आकडा चांगला असला तरी रुग्णालय गाठा.

आपल्या जिल्ह्यात वेळ कुठे जातो?

चौदा तालुक्यांचा अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपटीहून मोठा. भंडारदऱ्याच्या बाजूने नगरला यायला तीन तासांहून जास्त लागतात. त्यात वस्ती रस्त्यापासून आत असते, पावसात शेतरस्ता चिखलाचा होतो आणि शेतीची लाइट रात्री असेल, तर घरातला माणूस अंधारात शिवारात असतो.

म्हणून ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊ’ हा हट्ट महाग पडू शकतो. सर्पदंश, श्वास अडकणं, छातीतलं दुखणं, यांत जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पहिला उपचार सुरू करून पुढे जाणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. लकव्यात मात्र सीटी स्कॅन कुठे आहे, हे आधी फोनवर विचारा. श्वास घ्यायला त्रास होणाऱ्या रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून नेऊ नका. वाटेत श्वास थांबला, तर हाताशी काहीच नसतं.

राज्यातली १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. फोन केल्यावर गाव, वस्तीचं नाव, जवळची ठळक खूण आणि रुग्णाला श्वास आहे का, हे आधी सांगा. रात्री एकाने बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभं राहावं. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल, तर चारचाकी घेऊन निघा आणि वाटेत गाठ घालता येईल का, हे फोनवरच ठरवा.

डॉक्टरांना काय सांगायचं?

आपण आजाराचं नाव सांगतो: ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’, ‘अशक्तपणा आलाय’. रात्रीच्या गर्दीत थकलेला डॉक्टरही त्याच नावामागे जाऊ शकतो. नाव सांगू नका, घडलं ते सांगा:

• नेमकं काय होतंय आणि किती वाजता सुरू झालं
• त्याआधी रुग्ण काय करत होता: झोपला होता, फवारत होता, चालत होता, पडला होता
• असं आधी कधी झालं होतं का
• कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत (पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा)
• महिला असेल, तर शेवटची पाळी कधी आली

आणि शेवटी एक प्रश्न नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, यात धोक्याचं काही नाही ना? काय झालं तर लगेच परत आणू?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

थोडक्यात

घाम, धाप, गार हातपाय, घेरी, उतरलेल्या पापण्या, बदललेलं बोलणं, न ओसरणारी सुस्ती. साध्या तक्रारीला यांपैकी एकाचीही जोड मिळाली, तर ती तक्रार साधी राहत नाही.

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. बाज, पलंग, नाहीतर कडा अंथरुणाखाली नीट खोवलेली मच्छरदाणी वापरा. आणि सुरुवातीच्या प्रसंगातल्या त्या मुलासारखं कुणी पहाटे पोट धरून उठलं, तर ओव्याच्या डब्याकडे जाण्याआधी बॅटरी लावून त्याच्या पापण्या बघा.

(हा लेख माहितीसाठी आहे. तो डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. शंका असेल तर १०८ वर फोन करा.)